शुभविवाह लिहिलेला मासा

या सदरातले गूढ अनुभव मी आजपर्यंत वाचत आलो ते, खरं सांगायचं तर, टिंगल करायला. मधल्या सुट्टीत शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मग एकेकाचं ‘सायंटिफिक’ स्पष्टीकरण द्यायचो. मी विज्ञान शिकवतो. दरवर्षी सातवीच्या मुलांपुढे लिंबातून रक्त काढून दाखवतो, जिभेवर कापूर जाळतो आणि दोन्हीमागची युक्ती फळ्यावर लिहून देतो. गावात कुणाच्या अंगात आलं तर लोक मला कळू देत नाहीत, इतकी माझी ख्याती...

तरी हे लिहितोय. यात घाबरण्यासारखं काही नाही हे आधीच सांगतो. मला स्वतःला एकदाही भीती वाटली नाही. लाज वाटली — आणि ती अजून गेलेली नाही.

आमची शाळा वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. कामरगावहून जीपने वीस मिनिटं. गावाचं नाव देत नाही. मुलांची नावं बदलली तरी गाव ओळखलं की माणसं ओळखू येतात. सातवीपर्यंतचे वर्ग, एका ओळीत खोल्या, टिनाचं छत, समोर कडुनिंब. ओळीच्या शेवटी एक लहान खोली. जे घडलं ते बरंचसं त्या लहान खोलीतलं आहे.

मी मूळचा मेडशीचा. नऊ वर्षांपूर्वी या शाळेत आलो तेव्हा तिथे निर्मलाबाई होत्या. बावीस वर्षं एकाच शाळेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ‘सर’ म्हणणं सोडून ‘दिनेश’ म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या डब्यात रोज स्वतःच्या डब्यातली भाजी वाढू लागल्या. कामरगावला त्यांच्या पुतण्याचा भाजीचा मळा आहे. बाई त्याच्याच घरी राहतात. स्वतःचं मूलबाळ नाही.

ती शेवटची खोली बाईंची होती. सगळे तिला ‘समुद्राची खोली’ म्हणायचे. खिडक्यांना पतंगाचा निळा कागद चिकटवलेला, त्यामुळे आत भरदुपारी निळा उजेड. छताच्या लोखंडी पट्ट्यांना दोरे बांधून मासे टांगलेले. शंभरेक तरी असतील. सातवीतून बाहेर पडणारं प्रत्येक मूल एक मासा करून त्यामागे आपलं नाव लिहायचं आणि तो तिथे टांगून जायचं. मासे कशाचेही असायचे — मिठाईचा डबा, वहीचं कव्हर, खताच्या पिशवीचं प्लास्टिक, लग्नपत्रिका. बाई मुलांना सतरंजीवर उताणं झोपवायच्या, जुना टेबलफॅन लावायच्या, आणि मासे हलू लागले की हळू आवाजात सांगायच्या, "आता श्वास धरा. आपुन खाली चाललो." मग खोल पाण्यात उजेड कुठपर्यंत पोचतो, दाब कसा वाढतो, कोणता मासा कुठे राहतो, सगळा धडा त्या निळ्या उजेडात व्हायचा. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र कुठे पाहिलात?" त्या म्हणाल्या, "मी कुठी पायला? फोटोत."

पाच वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. खोलीला कुलूप लागलं. पुढे छत गळायला लागलं, उंदीर झाले. मला वेळ नव्हता — म्हणजे मी काढला नाही.

मागच्या वर्षी एका संस्थेने आमच्या शाळेला सहा व्हीआर हेडसेट द्यायचं ठरवलं. डोळ्यांवर चढवायचे, की मूल थेट हृदयाच्या आत उभं, नाहीतर चंद्रावर, नाहीतर समुद्राच्या तळाशी. शिक्षकाच्या हातात टॅब. त्यावर सहा चौकोन, कोणतं मूल काय बघतंय ते दिसतं. अर्ज मीच भरला होता. त्यासाठी एक वेगळी, अंधार करता येईल अशी खोली हवी होती. अर्जात मी लिहिलं: ‘शाळेत एक अडगळीची खोली उपलब्ध आहे.’

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, मी ती अडगळ काढली. मासे दोऱ्यांसकट ओढले, पोत्यांत भरले, शाळेमागे नेले. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. त्या उठून आल्या.

"सर, बाईले इचारलं काय?"

"विचारलं," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं. एक फोन करायचा होता फक्त. पण बाई म्हणाल्या असत्या, थांब, मी येते. मग त्या एकेक मासा हातात घेऊन बसल्या असत्या, आणि रंगारी दुसऱ्या दिवशी यायचा होता.

रॉकेल टाकून पेटवलं. एक मासा ढिगाऱ्यावरून घसरून माझ्या पायाशी आला. लग्नपत्रिकेचा होता, पोटावर सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’. शेपटीला आग लागली होती. मी तो चपलेने परत आत ढकलला. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंच काय...

जूनमध्ये हेडसेट आले. ते वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. हृदयाची झडप उघडताना बघून एक मुलगा खाली बसून गेला होता. तो धडा तो आयुष्यात विसरणार नाही. आमच्या मुलांपासून समुद्र पाच-सहाशे किलोमीटर दूर आणि इथे तो पायाशी येत होता. पाहुणे आले, व्हिडिओ झाले, माझं कौतुक झालं. कुणी विचारलं, की याआधी या विषयांसाठी काय साधन होतं? मी म्हणालो, "काहीच नाही."

जुलैमध्ये बाई आल्या. पुतण्याची बायको अर्चना हाताला धरून घेऊन आली होती. बाईंचे डोळे अधू झाले होते; काचबिंदू, बरा होण्यापलीकडचा. नव्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला.

"दिनेश, माह्या मासोळ्या कुठी ठेवल्या बाबू?"

आणि मी, त्यांचा डबा चार वर्षं खाल्लेला माणूस, एक क्षणही न थांबता म्हणालो, "पेटीत भरून ठेवल्यात बाई. नीट, कागदात गुंडाळून. पेटीची किल्ली हेडमास्तरांकडे आहे आणि ते आज मीटिंगला गेलेत."

"बरं केलं. काही घाई नाही. डोये पूर्ण जायच्या आंदी एकदा पायल्या असत्या, म्हून आली." जाताना त्यांनी अर्चनाच्या पिशवीतली वांगी माझ्या टेबलावर ठेवली.

आता मूळ प्रकार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावरची गोष्ट. सहावीचा वर्ग, सकाळचा दुसरा तास, सागरी जीवन. सहा मुलं हेडसेट लावून बसलेली. त्यात सानिका होती. ही मुलगी आदल्याच वर्षी इंझोरीहून आमच्याकडे आली, मामाच्या घरी राहते. फारशी कुणाशी बोलत नाही. ती एकदम हसली.

"काय झालं?"

"सर, या मासोळीच्या पोटावर शुभविवाह लिवलं हाये."

वर्ग हसला. मी टॅबवर पाहिलं. तिच्या चौकोनात कासव होतं आणि पोवळ्यांची रांग. दुसरं काही नाही.

"कुठे दिसलं?"

तिने बोट वर केलं. "थे काय. दोऱ्यानं बांधेल हाये. हालून राह्यली."

दोऱ्याने... टॅब माझ्या हातून पडला वगैरे काही झालं नाही. मला राग आला. इतका, की मी तिच्या डोक्यावरून हेडसेट ओढूनच काढला. केस अडकले तिचे. "खोटं बोलायचं असेल तर मागे जाऊन उभी राहा."

"खोटं नाही सर. दिसून राह्यलं होतं."

मी तिला तास संपेपर्यंत उभं केलं. वर वर्गाला म्हणालो, काही मुलांना लक्ष वेधून घ्यायची सवय असते. पुढचे दोन आठवडे तिला हेडसेट दिला नाही. ती मागायलाही आली नाही.

तास संपल्यावर मी तडक स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेलो. मला वाटलं, कळलं — मावशींनी मुलांना सांगितलंय. मी आवाज चढवून विचारलं, पोरांजवळ कशाला काय बोलता? मावशी खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मी कायले सांगू सर? मी त बाईलेही नाही सांगतलं. त्यायनं मले दोनदा इचारलं फोनवर. मी म्हटलं, सरायले माहीत."

मी तिथून निघून आलो.

दहा-बारा दिवसांनी फैजानची पाळी होती. त्याच वर्गातला, अत्यंत गडबड्या मुलगा. समुद्र सुरू झाल्यावर तो गप्पच बसला. मग म्हणाला, "सर, मिठाईच्या डब्याची मासोळी हाये. मांगून अब्बाचं नाव हाये. फिरोज, सातवी."

टॅबवर कासव.

या वेळी राग आला नाही. संध्याकाळी त्याच्या अब्बांच्या पंक्चरच्या दुकानावर गाडी थांबवली आणि हवा भरून घेता घेता विचारलं, बाईंच्या खोलीत तुम्ही मासा टांगला होता का हो? फिरोजभाई हसले. "हो ना सर. पेढ्याच्या डब्याचा. ताईले पोरगा झाला होता, थो डबा. काहून? भेटला काय?"

मी म्हणालो, असंच विचारलं.

संस्थेच्या इंजिनिअरला फोन केला. त्याने बसल्या जागेवरून सगळं तपासलं. म्हणाला, ही फाइल सगळ्या शाळांमध्ये एकच आहे, त्यात मराठी अक्षर एकही नाही, आणि हेडसेटमध्ये दिसेल ते टॅबवर दिसणारच. मग मी स्वतः बसलो. शाळा सुटल्यावर, रोज, खुर्चीवर एकटा. तेच निळं पाणी, तेच कासव डावीकडून येऊन उजवीकडे जाणारं. त्या कासवाच्या पाठीवरचे ठिपके मला पाठ झालेत. बाकी काहीही दिसलं नाही. मधल्या काळात आणखी तीन मुलांनी दोरे पाहिले, एकीने खताच्या पिशवीचा मासा पाहिला. मी कुणाला शिक्षा केली नाही, पण सानिकाला माफही केलं नाही. म्हणजे माफी मी मागायला हवी होती, हे कबूल करायला जीभ वळली नाही.

मग बाईंच्या पुतण्याचा फोन आला. "सर, काकूले आता उजेड-अंधार तेवढाच समजते. थे मासोळ्यायची आठवण करून राह्यली. म्हंते, हातात त धरीन. जमते काय आनाले?"

रविवारी सकाळी मी कामरगावला गेलो. जाताना एक हेडसेट बॅगेत टाकला. का टाकला तेही सांगून टाकतो. मनात होतं की बाईंना नवीन प्रकार हातात देऊ, त्याबद्दल बोलत राहू, आणि पेटीचा विषय टळेल. काचबिंदूने आंधळ्या झालेल्या बाईला चष्मा दाखवायला निघालो होतो मी.

बाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं. मी बडबड सुरू केली, बाई, हे बघा, यात मुलांना समुद्र दिसतो. त्यांनी तो हातात घेऊन चाचपला, वजन पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत डोक्यावर चढवला. मी पट्टा नीट करून दिला. मला वाटत होतं, आता त्या म्हणतील, मले काय दिसते बाबू. मग मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

बाई म्हणाल्या, "अरे... हे त आपली खोली हाये."

अर्चना पाण्याचा पेला घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

बाई मान हळूहळू फिरवत होत्या. "हा फिरोजचा. पेढ्याचा डबा. डब्याले मुंग्या लागल्या होत्या तवा. हा... हा वंदनाचा, वहीच्या कव्हराचा. हा दोघी बहिनीयचा एकच, अर्धा अर्धा. हा सुरेखाचा, तिच्या आत्याच्या पत्रिकेचा." मग त्या थांबल्या. हात पुढे करून हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं. "दिनेश, याची शेपटी अशी काळी काहून झाली रे? जळल्यावानी."

सांगायची वेळ ती होती. इतकी सरळ वेळ माणसाला क्वचित मिळते.

"जुना कागद आहे बाई," मी म्हणालो. "काळा पडतो."

"हं." त्यांनी मान पुन्हा वर केली. मग म्हणाल्या, "जपून ठेवल्या रे तुनं. लोकं टाकून देतेत."

पाच-सात मिनिटांनी त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या पदराने पुसत होत्या आणि हसत होत्या. मी बंद करायला बटण दाबलं. तेव्हा तो सुरू झाला. बारीक आवाज आला, हिरवा दिवा लागला. इतका वेळ तो बंदच होता. मी सुरू केलाच नव्हता.

चहा घेतला की नाही, आठवत नाही. गाडी कामरगावच्या बाहेर काढली आणि एका बोरीच्या झाडाखाली बराच वेळ थांबलो.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या तासाला मी सानिकाला पुढे बोलावलं. सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तिने पाहिलं ते खरं होतं, ते मासे या खोलीत होते, आणि मी तिला खोटारडी म्हणालो ही माझी चूक. तिने मान खाली घातली. मी हेडसेट दिला. तिने खूप वेळ पाहिलं, वर, मागे, खुर्चीखालीसुद्धा. मग काढून ठेवला.

"आता नाही सर. निस्ता समुद्र हाये."

फैजानलाही दिसलं नाही. त्यानंतर आजपर्यंत एकाही मुलाला दिसलेलं नाही.

पुढचे दोन रविवार मी कामरगावच्या रस्त्याला लागून परत फिरलो. तिसऱ्या रविवारी गेलो. बाई बाजेवर मेथी निवडत होत्या, बोटांनीच, न चुकता. मी समोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्जातली अडगळ, एप्रिल, रॉकेल, चपलेने ढकललेला मासा, पेटी नसल्याचं, किल्लीचं. हेडसेट बंद होता हेही. अर्चना दाराशी ऐकत होती. मधेच आत निघून गेली.

बाई बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. पानं एकीकडे, काड्या एकीकडे.

"शेडमधल्या मावशीनं अडवलं नाही तुले?"

"अडवलं. मी म्हणालो, तुम्हाला विचारलंय."

"हं." त्यांनी पुढची काडी उचलली. "सगळ्याच जाळल्या?"

"सगळ्याच बाई."

"एकही नाही उरली?"

"नाही."

त्यांचे हात थांबले. माझा आवाज येत होता त्या दिशेला त्यांनी तोंड केलं. राग नव्हता चेहऱ्यावर. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मंग मले दिसल्या त्या काय होत्या, दिनेश?"

मी विज्ञानाचा शिक्षक. भास, स्मृती, मेंदू, अपेक्षेचा परिणाम, हे सगळे शब्द मला येतात. बाईंच्या बाबतीत ते कदाचित लागूही पडतील. पण सानिकाने बाईंची खोली कधी पाहिली नव्हती. आणि शेपटी जळाल्याचं बाईंना मी तोवर सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही.

"मला माहीत नाही बाई," मी म्हणालो.

त्या तशाच माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. एखाद्या मुलाला उत्तर येत नसलं तरी त्याला वेळ द्यायच्या, तशा.